सातव्या मजल्यावरची उजळणी

सरांच्या हाताखाली पहिल्या दिवशी नापास न झालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. चाकणच्या आमच्या कंपनीत भरती झालेली नवी पोरं लाइनवर जाण्याआधी त्यांच्याकडे यायची. ट्रेनिंग सेंटर असं भारदस्त नाव असलेली ती जागा म्हणजे भंगाराच्या यार्डाला टेकून उभी केलेली पत्र्याची शेड. मधोमध लोखंडी टेबल आणि त्यावर एक गिअरबॉक्स सुटा करून पसरलेला. सर कुणाचं नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत. टेबलाकडे बोट करून म्हणायचे, "जोड."

"सर, अजून शिकवलं नाही," पोरगं म्हणायचं.

"म्हणून तर म्हणतोय. शिकवल्यावर कोण बी जोडंल. आता जोड."

मीही असाच जोडला. लातूरकडून नुकताच आलो होतो. कुरुळीत चौघांत मिळून पत्र्याची एक खोली आणि डोक्यात आयटीआयला पहिल्या वर्गात पास झाल्याची मस्ती. जोडून झाल्यावर हातात सर्क्लिपची एक कडी आणि दोन वॉशर उरले. सरांनी ते परत घेतले नाहीत. "खिशात ठेव," म्हणाले, "आन घरी जाताना इचार कर, ह्यांची जागा कुठं हुती." सगळी पोरं हसली. मी रस्ताभर खिशातले वॉशर चाचपत त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत गेलो. त्या वॉशरांची जागा मात्र आज झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन.

सर अंगानं बुटके, पँट पोटाच्या बरीच वर ओढलेली, गळ्यात पंचा आणि तोंडात कायम बडीशेप. चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घरातले. इतकी वर्षं कंपनीत काढली, साहेबांसमोर उभे राहिले, पण बोली बदलली नाही. प्रश्नाला उत्तर देणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. काहीही विचारा, ते म्हणायचे, "तुला काय वाटतं?" मग आपण काहीतरी ठोकून द्यायचं. ते बरोबर निघालं तर सरांचा चेहरा पडायचा. चुकलं तर असे खुलायचे, की पाहणाऱ्याला वाटावं घरात काही कार्य निघालंय. "मेंदू लई गर्विष्ठ असतो," म्हणायचे. "त्येला वाटतं आपल्याला समदं येतं. तोंडावर आपटला की मग कान देतो. तेवढ्यात सांगून घ्यायचं."

त्यांचा खरा जाच पुढेच होता. शिकवलेलं ते कुठेही आणि कधीही विचारायचे. कँटीनच्या रांगेत, कंपनीच्या बसमध्ये, हात धुताना. आमच्यातल्या एकाच्या साखरपुड्याला सर आहेर घेऊन आले. पाटावर बसलेल्या नवरदेवाच्या हातात पाकीट दिलं आणि कानाशी वाकून विचारलं, "बेअरिंगच्या आधी काय?" त्यानं बिचाऱ्यानं घाम पुसत उत्तर दिलं. मुलीकडच्यांची समजूत झाली, की कंपनीचा माणूस मुलाची नोकरी पक्की आहे का ते तपासायला आलाय. मुलीच्या मामानं सरांना बाजूला नेऊन पोरगा कसा आहे म्हणून विचारलं. सर म्हणाले, "विसरतो. पर आठवण केली की येतं." ते लग्न झालं हे नशीब.

फोनवर फोटो काढलेला त्यांना खपायचा नाही. "फोन शिकला. तू कुठं शिकलास?" पोरांच्या डोळ्यांवर स्वतःचा पंचा बांधून ते गिअरबॉक्स जोडायला लावायचे. मेंदूवरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं कुठून तरी मिळवून, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायचे आणि त्यातलं आपल्या भाषेत आणून आम्हाला सांगायचे. हे वेड त्यांना कशामुळे लागलं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

एका दुपारी प्लँटचे मोठे साहेब पाहुण्यांना कंपनी दाखवत अचानक शेडमध्ये शिरले. आत वीसेक पोरं टेबलावर आणि भिंतीला डोकी टेकून गाढ झोपलेली आणि दारात स्टुलावर सर राखण करत बसलेले. साहेबांनी तोंड उघडायच्या आत सरांनी ओठांवर बोट ठेवून त्यांनाच गप्प केलं. मग बाहेर नेऊन समजावलं, "साहेब, आपला माल आधी इनवर्डच्या गेटला उतरतो. तितनं मग गोडाऊनला रॅकवर लागतो. मेंदूत बी तसंच हाय. आज शिकलेलं इनवर्डला पडून ऱ्हातं, झोपलं की आत जातं. सकाळचा माल आता आत चाललाय, जरा दमानं."

"माल घरी नेऊन आत लावायला सांगा," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी सरांना लेखी समज मिळाली आणि दुपारची झोप बंद झाली. सरांचं शास्त्र किती खरं होतं ते शास्त्रवाले जाणोत. तापलेल्या पत्र्याखाली रात्रभर कूस बदलणाऱ्या आम्हाला ती पंधरा मिनिटं पगारवाढीहून प्यारी होती.

त्यांचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला. लाइनवरचा एक सुपरवायझर शेडमध्ये आला होता. एका पोराचा पाना निसटला, तसा तो त्याच्या अंगावर ओरडला. सरांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "हितं वरडायचं न्हाई," म्हणाले. "वरडून शिकवलं की पोरगं जलमभर ध्यानात ठेवतं. पर काय ठेवतं? तुझं तोंड. गिअर कुठला बसवायचा ते न्हाई." सुपरवायझर पुटपुटत गेला. सरांच्या हातातली बडीशेप सांडली होती, ती वाकून एकेक दाणा गोळा करत बसले.

काही वर्षांनी मला लाइनवरून काढून त्यांच्या मदतीला दिलं. आधी वाटलं, शिक्षाच झाली. दिवसभर तोच गिअरबॉक्स सोडायचा आणि जोडायचा, आणि वर सरांची उलटतपासणी. पण माणूस हळूहळू अंगवळणी पडतो. एकदा त्यांची स्कूटर बिघडली म्हणून मी त्यांना घरी सोडायला गेलो.

चऱ्होलीत त्यांचा कांद्याचा मळा होता. तो बिल्डरला दिला आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. ज्या वावरात जन्मभर कांदा काढला, त्याच वावराच्या डोक्यावर सातव्या मजल्यावर ते नुकतेच राहायला आले होते. खिडकीतून खाली बोट दाखवून म्हणाले, "तितं पार्किंग हाय न्हवं, तितं आमची हीर हुती."

सरांच्या बाईंनी दार उघडलं. ठसठशीत कुंकू, हसरा चेहरा. "बसा पाव्हणं, च्या टाकते." चहा आला. छान गप्पा झाल्या. मग त्या आत गेल्या, बाहेर आल्या, मला पाहून थबकल्या आणि हसून म्हणाल्या, "आगं बया, पाव्हणं कवा आलं? बसा, च्या टाकते." तिसऱ्यांदा चहा आला तेव्हा मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पी. साखर कमीच घालती."

खाली सोडायला आले तेव्हा त्यांनी सांगितलं. मुलगा दहावीला असताना बाईंना मेंदूज्वर झाला होता. त्यातून वाचल्या. "गोडाऊन शाबूत हाय," सर म्हणाले. "लगीन, सासूचा छळ, कांद्याचं भाव, समदं सांगंल. पर इनवर्डचं गेट जळालं. त्यानंतरचं काय बी आत जाईना. धा मिनिटं ऱ्हातं हातात, मग सांडतं." माल खराब झाल्याची खबर स्टोअरकीपरनं द्यावी, तशा आवाजात ते बोलत होते. ती जाडजूड पुस्तकं कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं, आणि इतके दिवस त्यांच्यावर केलेल्या विनोदांची लाज वाटली.

नव्या फ्लॅटनं बाईंचे हाल झाले. आपलं घर शोधायला त्या खाली उतरायच्या आणि विहीर नाही, गोठा नाही, चिंच नाही, म्हणून दुसऱ्याच विंगेत रडत उभ्या राहायच्या. वॉचमन त्यांना हाताला धरून आणायचा. सरांनी मग बायकोला घर शिकवायला घेतलं. रोज सकाळ-संध्याकाळ तिला खाली न्यायचं आणि वर आणायचं. तोंडानं काही सांगायचं नाही. तिचा हात लिफ्टच्या चुकीच्या बटनाकडे गेला रे गेला, की तो हळूच धरून सातवर ठेवायचा. आधी तासाभरानं पुन्हा, मग दुसऱ्या दिवशी, मग आणखी अंतर टाकून. "हाताचं गेट निराळं असतं," मला म्हणाले. "सायकल शिकल्याचा दिवस आठवत न्हाई, पर सायकल येती. ते गेट तिचं जळालं न्हाई."

कित्येक महिने गेले. एका संध्याकाळी मी त्या दोघांबरोबर लिफ्टमध्ये होतो. बाईंनी मला त्यांच्या माहेरच्या बैलाची गोष्ट सांगता सांगता सात दाबलं. बाहेर पडून डावीकडे वळल्या, कडी काढली, अंधाऱ्या खोलीत हात घालून बरोबर दिव्याचं बटन लावलं. उजेड पडल्यावर दारातच थांबल्या आणि कौतुकानं चहूकडे पाहत म्हणाल्या, "लई छान घर हाय. कुणाचं म्हणायचं?"

सर माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "बघ," म्हणाले. "तिला ठाव न्हाई, पर तिला येतंय." दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले. कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

त्यांचा मुलगा आमच्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कंपनीत होता. उंच, मिश्किल. बाईंच्या मनातला मुलगा दहावीतला, त्यामुळे रोज संध्याकाळी तो दारातून आत आला की त्या गालावर हात ठेवायच्या. "आरं, मिशी कवा आली रं तुला?" तो रोज म्हणायचा, "आजच आली की, आई." आणि दोघं हसायचे. रोज नव्यानं. मी दोन-तीनदा हे पाहिलंय. एकच विनोद रोज करायला आणि त्यात रोज जीव ओतायला केवढी माया लागते, हे माझ्यासारख्या चिडक्या माणसालाही समजत होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर तो मोटारसायकलवरून पहिल्या पाळीला निघाला आणि चाकणच्या अलीकडे कंटेनरखाली सापडला.

त्या दिवसाबद्दल फार लिहवत नाही. घरात माणसं जमली होती. बाईंना सांगितलं, त्यांनी हंबरडा फोडला. थोड्या वेळानं डोळे पुसून त्या शेजारणीला विचारू लागल्या, "एवढी माणसं का जमल्यात? कोण गेलं?" शेजारीण रडत उठून गेली. कुणीतरी पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच हंबरडा. दुपारपर्यंत तिथल्या एकाचीही सांगायची ताकद उरली नव्हती. बाईंची धाकटी बहीण राहायला आली होती, तिनं ठरवलं, की आता सांगायचं नाही. विचारलं तर शिफ्टला गेलाय म्हणायचं. आमच्या भागात हे उत्तर सगळ्यांना पटतं, मुलगा दहावीतला धरून बसलेल्या बाईंनाही. इथे सगळ्यांची मुलं कुठल्या ना कुठल्या शिफ्टला गेलेलीच असतात.

बाई मग गॅलरीत बसून वाट पाहायच्या. "त्यो आल्यावर जेवते." ताट तसंच. थोड्या वेळानं पुन्हा विचारायच्या, पुन्हा तेच उत्तर. पुन्हा रस्त्याकडे डोळे. रोज संध्याकाळ अशी. सर ते बघत राहिले. शेडमध्ये त्यांचं लक्ष उडालं. पोरांनी गिअर उलटा बसवला तरी काही म्हणेनात.

एक दिवस गिअरबॉक्स पुसता पुसता मला म्हणाले, "खोटं उत्तर मी आजवर कुणाला दिलं न्हाई. तिला रोज देतोय." मग म्हणाले, "तिला शिकवतो आता."

"काय शिकवता?"

"पोरगं गेलं ते."

मी म्हणालो, "सर, नका. त्यांना रोज नव्यानं ऐकावं लागेल."

"घर बी रोज नवंच हुतं की तिला. शिकलीच ना? हे बी मुरंल. मुरलं की सारखं इचारायची न्हाई. रडंल, पर रडून माणूस मोकळं हुतं. वाट बघून हुत न्हाई." थोडा वेळ फडकं फिरवत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "आन मला एकट्याला झेपत न्हाई रं. पोरगं दोघांचं हुतं."

मलाही एक मुलगा आहे. मी पाना उचलून कामाला लागलो.

त्यांनी शिकवायला घेतलं ते आपल्या पद्धतीनंच. रोज संध्याकाळी तीच जागा, तेच शब्द. एकदा मी तिथे होतो. बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पोरगं आलं न्हाई अजून?" सरांनी कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढून त्यांच्यासमोर ठेवलं, बसले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आपलं पोरगं गेलं. गाडीवर गेलं. आता त्ये येणार न्हाई." बाई आधी हसल्या. मग त्यांनी सरांचा चेहरा पाहिला. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला पुन्हा ऐकायचा नाही. सरांनी त्यांना छातीशी धरलं आणि दोघं मिळून रडले. तेवढा वेळ त्या माणसाला कुणीतरी सोबत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग बाईंचं रडणं ओसरलं. पदरानं तोंड पुसताना त्यांना ओल लागली. "माझं डोळं का वलं झालं?" त्या म्हणाल्या, आणि मला पाहून हसल्या, "पाव्हणं कवा आलं?" सर उठून बेसिनवर गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

हिवाळा सरत आला तसा बाईंचा प्रश्न कमी झाला. सर शेडमध्ये येऊन सांगायचे, "काल इचारलं न्हाई." मग, "ह्या आठवड्यात एकदाबी न्हाई. मुरलं बघ." त्यांचा चेहरा उतरलेलाच होता, पण त्यात शिक्षकाचं समाधान होतं. मला ते बघवत नव्हतं आणि चुकीचंही म्हणता येत नव्हतं.

असाच एका रविवारी गेलो. बहीण भाजी आणायला बाहेर गेली होती. बाई मला कांद्याच्या चाळीत साप कसा निघाला ते रंगवून सांगत होत्या. तेवढ्यात सर आतून आले आणि बसायला म्हणून त्यांनी स्टूल ओढलं. फरशीवर ते करकरलं. बाईंची गोष्ट अर्ध्यावर तुटली. दोन्ही हात त्यांनी पदराखाली ओढून घेतले. मग काही न बोलता उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागे गेलो. त्या ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या, धाप लागल्यासारख्या.

"बरं वाटत नाही का, मावशी?"

"बरी हाय की." मग माझ्याजवळ सरकून कुजबुजल्या, "दादा, माणूस चांगलाय माझा. कवा हात उचलला न्हाई. पर जवळ येऊन बसाय लागलं की पळून जावं वाटतं. ह्यांनी काय केलंय का मला?"

मी बोलायच्या आत माझं लक्ष दाराकडे गेलं. सर तिथे उभे होते. सगळं ऐकलं होतं. त्यांनी तिथूनच विचारलं, "अगं, आपलं पोरगं कुठं हाय?"

"आसंल की," बाई म्हणाल्या. "कामाला गेला आसंल." आणि माझ्या आड होऊन उभ्या राहिल्या.

मुलगा गेल्याचं त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. इतक्या संध्याकाळी, इतक्या मायेनं केलेल्या उजळणीतून त्या एवढंच शिकल्या होत्या, की हा माणूस समोर येऊन बसला की काहीतरी भयंकर होतं. आणि मुलाचं नाव काढलं की तो समोर येऊन बसतो. म्हणून त्यांनी विचारणं सोडलं होतं.

सर माझ्याबरोबर खाली आले. पार्किंगमध्ये एका खांबाला टेकले. "भ्याचं गेट बी निराळं असतं," म्हणाले. "वाचलं हुतं मी. तितं नोंद हुत न्हाई. माल कसला, कुणी आणला, काय न्हाई. नुसता आत जातो." मग माझा हात घट्ट धरला. "मी वरडलो न्हाई रं तिच्यावर. एकदाबी न्हाई. तू हुतास. मी वरडलो का?"

"नाही, सर," मी म्हणालो, आणि मला रडू आवरलं नाही.

त्यांनी नोकरी मुदतीआधीच सोडली. शेड माझ्याकडे आली. पोरांना मी पहिल्या दिवशी अजून जोडायलाच लावतो, पण त्यांच्या चुकांनी मला काही तसा आनंद होत नाही. बाईंच्या बहिणीकडून अधूनमधून फोनवर कळत राहायचं. सरांनी ते लोखंडी स्टूल भंगारवाल्याला देऊन टाकलं. मुलाचा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवला. भीती पुसता येत नाही, वर दुसरं काहीतरी चढवावं लागतं, असं त्यांच्या पुस्तकांत होतं म्हणे. मग त्यांनी ते करायला घेतलं. स्वतःच्या घरात ते हॉलच्या पार टोकाला, चपलांच्या कपाटाशी पाहुण्यासारखे बसू लागले. बाईंना भुईमुगाच्या शेंगा आवडायच्या. तिथे बसून शेंगा फोडायचे, दाणे वाटीत टाकायचे आणि वाटी बहिणीच्या हाती पाठवायचे. बोलायचे नाहीत. बाई उठून गेल्या, की दुसऱ्या दिवशी आणखी मागे सरायचे. नाही उठल्या, की थोडं पुढे. आपल्याच बायकोजवळ जायला त्या माणसाला उन्हाळा, पावसाळा आणि पुन्हा हिवाळा लागला. तेवढ्या काळात त्या घरात मुलाचं नाव कुणी उच्चारलं नाही.

नंतर एका संध्याकाळी मी गेलो तर दोघं गॅलरीत होते. शेजारी शेजारी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. शेंगांची पाटी सरांच्या मांडीवर आणि बाई तिच्यातच हात घालून दाणे खात होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या पाव्हणं. बघा की ह्यांच्याकडं, क्यास केवढं पिकलं! कालपतूर काळं हुतं." आणि सरांच्या डोक्यावरून हात फिरवला. सर खाली मान घालून हसत होते. फार वाळले होते. पण इतक्या दिवसांत मी त्यांना असं सैल बसलेलं पाहिलं नव्हतं. मला मनापासून बरं वाटलं. जमलं म्हातार्‍याला, असं मनात आलं.

ऊन उतरत होतं. खालच्या रस्त्यावर पाळी सुटलेल्या पोरांच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. बाईंनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "अवं, पोरगं आलं न्हाई अजून?"

सरांच्या बोटांत शेंग तशीच राहिली. आत स्वयंपाकघरात बहिणीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. इतके महिने भीतीनं तो प्रश्न दाबून धरला होता. सरांनी एवढ्या चिकाटीनं ती भीती काढली आणि प्रश्न मोकळा झाला. बाईंचा चेहरा त्यांच्याकडे वळलेला होता. त्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. त्यांना फक्त मुलगा कुठे आहे ते हवं होतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले.

"यील की," म्हणाले. "आता सुटला आसंल."

"मंग जेवाय थांबू आपुन."

"थांबू."

बहिणीनं आत गॅस बंद केल्याचा आवाज आला. मला तिथून उठवेना आणि बसवेनाही. सरांनी पाटी खाली ठेवली, खुर्ची बाईंच्या खुर्चीला लावली आणि दोघं रस्त्याकडे बघत बसले. थोड्या वेळानं सोसायटीच्या फाटकातून एक मोटारसायकल आत वळली. बाई कठड्यावरून वाकल्या. सरही वाकले.